उरीयाच्या वतीने कोण बोलणार?

१९९९ सालच्या २२ जानेवारीच्या रात्री ओडिशाच्या केओंझार जिल्ह्यातील मनोहरपूर या खेड्यात ग्रॅहम स्टेन्स हे ऑस्ट्रेलियन मिशनरी आणि त्यांचे दोन मुलगे, दहा वर्षांचा फिलिप व सहा वर्षांचा तिमथी, आपल्या गाडीत झोपलेले असताना जमावाने ती गाडी पेटवली आणि तिघांनाही जिवंत जाळले. स्टेन्स बारिपदा येथे कुष्ठरुग्णांची सेवा करीत असत. त्यांच्या पत्नी ग्लॅडिस यांनी मारेकऱ्यांना आपण क्षमा केल्याचे सांगितले, आणि तेव्हापासून प्रवचनांत, लेखांत आणि सद्भावनेच्या व्यासपीठांवर ती क्षमा आदर्श म्हणून सांगितली जाते. ती सांगितली जावी अशीच आहे. मात्र ग्लॅडिस स्टेन्स यांनी त्याबरोबरच आणखी एक गोष्ट स्पष्ट केली होती, आणि तिचा उल्लेख क्वचितच होतो. आपली क्षमा आणि गुन्ह्याचे परिणाम यांची गल्लत करू नये, कायद्याने आपले काम करावे, अशी त्यांची भूमिका होती. खटला चालला. मुख्य आरोपीला २००३ मध्ये फाशीची शिक्षा झाली, २००५ मध्ये उच्च न्यायालयाने ती जन्मठेपेवर आणली आणि २०११ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने जन्मठेप कायम केली. या सगळ्या काळात ती क्षमा मागे घेतली गेली नाही, आणि खटलाही मागे घ्यावा असे त्या क्षमेने सुचवले नाही.

सार्वजनिक स्मृतीने या भूमिकेचा अर्धा भाग ठेवला आणि अर्धा गाळला, हे मला योगायोगाने घडलेले वाटत नाही. क्षमेचे कौतुक करता करता आपण ती अपेक्षित धरू लागतो, आणि अपेक्षेची मागणी व्हायला फार वेळ लागत नाही. दंगलीनंतरच्या शांतता समित्यांत, चर्चमधील लैंगिक अत्याचारांच्या प्रकरणांत, हुकूमशाही संपल्यावर नव्या सरकारने बोलावलेल्या सुनावण्यांत, सगळीकडे एक क्षण असा येतो की सर्वांचे डोळे अन्याय करणाऱ्यावरून हटून अन्याय सोसणाऱ्यावर खिळतात आणि आता याने मन मोठे करावे असे सर्वांना वाटू लागते. ‘झालं गेलं गंगेला मिळालं’ हे आपल्याकडे बहुधा तोच म्हणतो, ज्याचे काही गेलेले नसते. या मागणीला ख्रिस्ती धर्माचा आधार आहे असे मागणारेही समजतात आणि टीकाकारही समजतात. तसा आधार बायबलमध्ये नाही, असे माझे म्हणणे आहे. तिथे क्षमेच्या आज्ञेइतकीच ठळक अशी तिची एक रीत आहे, आणि त्या रीतीत पहिले पाऊल उचलण्याची जबाबदारी अपराध्यावर आहे.

सर्वांत जास्त उद्धृत होणारे वचन घेऊ. भावाला सात वेळा क्षमा करावी काय, असे शिष्य पेत्राने विचारले तेव्हा येशूने ‘साताच्या सत्तर वेळा’ असे उत्तर दिले (मत्तय १८). हे वचन ज्या अध्यायात आहे त्याच अध्यायात, त्याच्या अगदी अलीकडे, अपराधी भावाशी कसे वागावे याची पायरीपायरीने सांगितलेली पद्धत आहे. आधी एकांतात त्याला त्याचा अपराध दाखवून द्यावा, त्याने ऐकले नाही तर दोघा-तिघांना साक्षीला न्यावे, तरीही ऐकले नाही तर मंडळीला कळवावे, आणि मंडळीचेही ऐकले नाही तर त्याला परका समजावे. म्हणजे अन्यायाचे नाव घेणे, साक्षीदार उभे करणे आणि प्रकरण समाजासमोर नेणे या गोष्टी क्षमेच्या आड येत नाहीत. क्षमेकडे जाणारी वाट त्यांच्यातूनच जाते. लूकच्या शुभवर्तमानात तर हे एका वाक्यात आले आहे: भावाने अपराध केला तर त्याचा निषेध कर, आणि त्याने पश्चात्ताप केला तर त्याला क्षमा कर (लूक १७). चर्चमधील अत्याचाराची तक्रार घेऊन आलेल्या माणसाला जेव्हा ‘साताच्या सत्तर वेळा’ ऐकवले जाते, तेव्हा त्या वचनाआधीच्या पायऱ्या त्याच्यापुरत्या पुसून टाकलेल्या असतात.

मोशेच्या नियमशास्त्रात ही रीत आकड्यांत बांधलेली आहे. ज्याने दुसऱ्याला फसवले, लुबाडले किंवा ठेव परत केली नाही, त्याने मूळ वस्तू पूर्णपणे परत करावी, वर पाचवा हिस्सा भरावा आणि त्यासोबत दोषार्पणाचा मेंढा आणावा, असा लेवीय ग्रंथाचा आदेश आहे. गणना ग्रंथात पापाची कबुलीही स्पष्टपणे सांगितली आहे. यहुदी परंपरेने यातून पुढे एक कठोर निष्कर्ष काढला आणि तो मिश्नात, म्हणजे यहुदी धर्मनियमांच्या प्राचीन संग्रहात, नोंदलेला आहे: माणूस आणि देव यांच्यातील पापांचे प्रायश्चित्त प्रायश्चित्तदिनी होते, पण माणसा-माणसांतील पापांचे प्रायश्चित्त, दुखावलेल्या माणसाची समजूत काढेपर्यंत, तो पवित्र दिवसही करू शकत नाही. येशू याच परंपरेत वाढला होता. डोंगरावरील प्रवचनात तो म्हणतो की, वेदीजवळ दान आणत असताना आपल्या भावाच्या मनात आपल्याविरुद्ध काही आहे असे आठवले तर दान तिथेच ठेवून आधी त्याच्याशी समेट करायला जावे (मत्तय ५). उपासना अर्धवट सोडून उठायला सांगितले आहे ते ज्याच्याविरुद्ध कोणाची तक्रार आहे त्याला. तक्रारदाराने वेदीपाशी यावे असे तिथे म्हटलेले नाही.

यरीहोचा मुख्य जकातदार जक्कय ही या आज्ञेची जिवंत आवृत्ती. तो उंबराच्या झाडावर चढला हे रविवारच्या शाळेतल्या प्रत्येक मुलाला ठाऊक असते, पण कथेचा गाभा झाडावरून उतरल्यानंतरचा आहे. अर्धी मालमत्ता गरिबांना, आणि ज्याचे अन्यायाने घेतले असेल त्याला चौपट परत. हे बोलून झाल्यावर येशू म्हणतो की, आज या घराला तारण प्राप्त झाले आहे. यरीहोत ज्यांना जक्कयने नागवले होते त्यांनी त्याला माफ करावे, असा शब्दही येशू त्या लोकांना उद्देशून काढत नाही.

पैशाचे अपराध निदान मोजता येतात. ज्याची परतफेड करता येत नाही अशा अपराधाचे काय, हा प्रश्न बायबलने दावीद राजाच्या कथेत विचारला आहे. दावीदाने बथशेबाला आणवले, तिचा पती उरीया हित्ती याला लढाईत सर्वांत पुढे उभे करून मरू द्यावे अशी चिठ्ठी सेनापती यवाबाला लिहिली, आणि ती चिठ्ठी उरीयाच्याच हातून पाठवली. नाथान संदेष्ट्याने गरिबाच्या एकुलत्या कोकराची गोष्ट सांगून राजाला त्याचा अपराध दाखवला. राजाने पाप कबूल केले, आणि परमेश्वराने तुझे पाप दूर केले आहे असे नाथानाने त्याला सांगितले. या प्रसंगाशी जोडलेल्या ५१ व्या स्तोत्रात दावीद म्हणतो, ‘तुझ्याविरुद्ध, तुझ्याविरुद्धच मी पाप केले आहे.’ हे स्तोत्र पश्चात्तापाच्या साहित्यातील शिखर आहे, आणि तरीही या ओळीपाशी मला दर वेळी अडखळायला होते. देवाविरुद्धच? मग उरीया कुठे गेला?

उरीया मेलेला आहे. तो समेट करू शकत नाही, चौपट काही घेऊ शकत नाही, क्षमा करू शकत नाही आणि क्षमा नाकारूही शकत नाही. दावीदाला मिळालेली क्षमा खरी आहे असे मानले, तरी ती उरीयाची नाही. ग्रंथाला हे ठाऊक असावे असे मला वाटते, कारण क्षमेची घोषणा करणारा तोच नाथान तुझ्या घरावरची तलवार कधी हटणार नाही असेही बजावतो आणि पुढचे अध्याय त्या तलवारीचीच कहाणी सांगतात. त्याहून बोलकी गोष्ट नव्या कराराच्या पहिल्याच पानावर आहे. मत्तय येशूची वंशावळ देताना दावीदाला शलमोन कोणापासून झाला ते सांगतो, पण बथशेबाचे नाव घेत नाही. ती उरीयाची बायको होती असे लिहितो. हजार वर्षे उलटली, पाप क्षमा झाले, वंशातून तारणारा जन्मला, तरी ज्याचा खून झाला त्याचे नाव नोंदीतून काढायला शुभवर्तमानकार तयार नाही.

शेक्सपियरने हाच प्रश्न दुसऱ्या टोकाने हाताळला. हॅम्लेटचा काका क्लॉडियस भावाचा खून करून राजा झाला आहे, आणि तिसऱ्या अंकात तो एकटाच प्रार्थनेला बसतो. आपला अपराध आभाळापर्यंत दरवळतो आहे हे तो मान्य करतो, स्वर्गातल्या दयेला सीमा नाही हेही त्याला पाठ आहे, पण त्याची गाडी एका व्यावहारिक शंकेपाशी अडते: ज्यासाठी खून केला तो मुकुट, ती महत्त्वाकांक्षा आणि ती राणी अजून माझ्याकडेच आहेत, अपराधाची मिळकत हातात ठेवून माणसाला क्षमा मिळते का? या जगात मिळू शकते, पैसा चारून न्याय विकत घेता येतो, पण वर तसे चालत नाही, असे तो स्वतःच उत्तर देतो आणि न पोहोचलेली प्रार्थना सोडून उठतो. सिंहासनावरून उतरायची त्याची तयारी नाही. धर्मशास्त्राची इतकी अचूक जाण असलेला खलनायक क्वचित सापडेल, आणि क्षमायाचना करणाऱ्या कित्येक संस्थांपेक्षा तो अधिक प्रामाणिक आहे, कारण मिळकत न सोडता क्षमा मिळाल्याचा दावा तो करीत नाही.

पण या प्रश्नाचा सर्वांत निर्दय उच्चार दस्तयेवस्कीने केला. १८८० मध्ये पूर्ण झालेल्या ‘द ब्रदर्स करमाझोव’मध्ये इव्हान आपल्या धाकट्या भावाला, मठात राहणाऱ्या अल्योशाला, एका जनरलची हकीकत सांगतो. आठ वर्षांच्या भूदास मुलाने खेळताना फेकलेल्या दगडाने जनरलच्या लाडक्या कुत्र्याचा पाय दुखावतो, म्हणून दुसऱ्या सकाळी मुलाला नागवे करून पळायला लावतात आणि त्याच्या आईच्या डोळ्यांदेखत शिकारी कुत्र्यांची टोळी त्याच्यावर सोडतात. युगाच्या अंती सर्व गोष्टींचा उलगडा होईल आणि ती आई त्या जनरलला मिठी मारील, हे चित्र इव्हानला मान्य नाही. आईने हवे तर स्वतःच्या अपार दुःखापुरती क्षमा करावी, पण फाडून काढलेल्या मुलाच्या यातनांची क्षमा करण्याचा तिला हक्क नाही, मुलाने स्वतः केली तरीही. असा सुसंवाद इतक्या किमतीला मिळत असेल तर मी माझे प्रवेशाचे तिकीट नम्रपणे परत करतो, असे इव्हान म्हणतो.

अल्योशाचे उत्तर ख्रिस्ती आहे: सर्वांना सर्वांसाठी क्षमा करू शकेल असा एकजण आहे, कारण त्याने आपले निष्पाप रक्त सर्वांसाठी दिले. हे उत्तर पोकळ नाही. माझ्या या कनिष्ठ बंधूंपैकी एकाला तुम्ही जे केले ते मला केले, असे मत्तयच्या पंचविसाव्या अध्यायात ख्रिस्त म्हणतो, आणि ते खरे मानले तर मनोहरपूरच्या गाडीत आणि त्या कुत्र्यांच्या टोळीपुढे तोही होता, म्हणून त्याला बोलण्याचा अधिकार पोहोचतो. पण या अधिकाराचा वारसा कोणाला मिळाला, हा पुढचा प्रश्न आहे, आणि पाळक, बिशप, पंतप्रधान किंवा चौकशी आयोग यांना तो आपोआप मिळतो असे मानायला मला आधार सापडत नाही. वधस्तंभावरही ‘हे बापा, त्यांना क्षमा कर’ ही प्रार्थना ज्याच्या हातापायांत खिळे आहेत त्याच्या तोंडी आहे. खालून पाहणाऱ्या कोणी ती केली असती तर आपल्याला ती भयंकर वाटली असती.

इथे पुन्हा ग्लॅडिस स्टेन्स यांच्याकडे यावे लागते. इव्हानने आईसाठी जी मर्यादा आखली तीच त्यांच्या दोन विधानांत पाळलेली मला दिसते. त्यांनी आपल्या दुःखाची क्षमा केली. ती त्यांची स्वतःची होती आणि ती करायला त्यांना कोणी भाग पाडले नव्हते. फिलिप आणि तिमथी यांचा हिशेब मात्र त्यांनी आपल्या क्षमेत मिटवून टाकला नाही, तो न्यायालयाकडे राहू दिला. धर्मशास्त्राच्या भाषेत ही भूमिका मांडायला पाने लागतात, आणि त्यांनी ती अत्यंत साध्या शब्दांत मांडली होती. तिचा दुसरा अर्धा भाग गाळणाऱ्यांनी त्यांच्या श्रद्धेला मोठे केले असे म्हणता येणार नाही.

यावर गंभीर आक्षेप आहे, आणि तो बायबलमधूनच येतो. प्रभूच्या प्रार्थनेनंतर लगेच येशू म्हणतो की तुम्ही लोकांना क्षमा केली नाही तर तुमचा पिताही तुमच्या अपराधांची क्षमा करणार नाही. पहिला ख्रिस्ती हुतात्मा स्तेफन दगडांखाली मरताना आपल्या मारेकऱ्यांसाठी प्रार्थना करतो, आणि त्यांच्यातील कोणीही पश्चात्ताप केलेला नसतो. तेव्हा ख्रिस्ती माणसावर बिनशर्त क्षमेचे बंधन नाही असे मी म्हणू शकत नाही. सूडाची इच्छा सोडून देणे ही शिष्याकडून केलेली मागणी आहे, आणि ती पश्चात्तापाची वाट पाहत नाही. पण ही मागणी देव आणि तो शिष्य यांच्यातील आहे. तिचा तगादा लावण्याचे काम तिसऱ्या माणसाला दिलेले नाही, आणि ज्याला त्या क्षमेपासून फायदा होणार आहे त्याला तर मुळीच नाही. उत्पत्तीच्या शेवटच्या अध्यायात, योसेफाला पूर्वी गुलाम म्हणून विकणारे त्याचे भाऊ नेमके हेच करतात. बाप याकोब मेल्यावर ते निरोप पाठवतात की, आमच्या अपराधांची क्षमा कर अशी आज्ञा वडिलांनी मरण्यापूर्वी दिली आहे. याकोबाने असे काही म्हटल्याचा उल्लेख आधीच्या कथेत कुठेही नाही. क्षमा मिळवण्यासाठी मेलेल्या वडीलधाऱ्याचा अधिकार पुढे करण्याचा हा प्रकार ऐकून योसेफ रडतो.

मान्झोनीच्या ‘वाग्दत्त’ या इटालियन कादंबरीत याच्या उलट प्रसंग आहे. लोडोविको नावाचा तरुण रस्त्यात वाट कोणी द्यायची यावरून झालेल्या भांडणात एका सरदाराला ठार करतो, मग कापुचिन साधू होतो आणि मृताच्या भावाच्या घरी जाऊन, जमलेल्या नातलगांसमोर गुडघे टेकून क्षमा मागतो. भावाने त्याचा पाणउतारा पाहायला लोक जमवलेले असतात, पण समोरच्या माणसाची नम्रता पाहून त्याचाच अहंकार गळतो. तो पाहुणचार पुढे करतो तेव्हा साधू फक्त एक पाव मागतो, क्षमेची खूण म्हणून, आणि त्याचा तुकडा आयुष्यभर जवळ बाळगतो. क्षमा मिळाल्यावर विसरायचा हक्क अपराध्याला मिळत नाही, हे मान्झोनीला ठाऊक होते.

आता राज्यसंस्थेकडे येऊ. १९८५ मध्ये दक्षिण आफ्रिकेतील धर्मशास्त्रज्ञांनी प्रसिद्ध केलेल्या ‘कैरॉस’ निवेदनाने वर्णद्वेषी राजवटीत समेटाचे गोडवे गाणाऱ्या चर्चेसवर कडक टीका केली होती. पश्चात्तापाशिवाय समेट नाही आणि न्यायाशिवाय शांतता नाही, असे त्यांचे म्हणणे होते. जर्मनीत १९३७ मध्ये धर्मशास्त्रज्ञ डीट्रिख बोनहॉफर यांनी पश्चात्तापाविना वाटल्या जाणाऱ्या क्षमेला ‘स्वस्त कृपा’ म्हटले होते. १९४५ मध्ये नाझींनी त्यांना फाशी दिले. वर्णद्वेष संपल्यावर मात्र, आर्चबिशप डेझमंड टूटू यांच्या अध्यक्षतेखालील सत्य व समेट आयोगाच्या कायद्यात माफीसाठी पश्चात्तापाची अट नव्हती. राजकीय हेतूने केलेल्या कृत्याची पूर्ण कबुली पुरेशी होती. सात हजारांहून अधिक अर्ज आले, ८४९ जणांना माफी मिळाली, आणि ज्याला मिळाली त्याच्यावर फौजदारीच नव्हे तर दिवाणी दावाही लावता येणार नव्हता. पोलीस कोठडीत मारले गेलेले वर्णद्वेषविरोधी नेते स्टीव्ह बिको यांच्या कुटुंबीयांनी याविरुद्ध घटनात्मक न्यायालयात धाव घेतली आणि १९९६ मध्ये ते हरले.

या व्यवस्थेला मी सरसकट चूक म्हणणार नाही. वाटाघाटींतून सत्तांतर झाले, यादवी टळली, आणि कबुलीजबाबांमुळे कित्येक घरांना आपला माणूस कुठे व कसा मेला हे पहिल्यांदा कळले. तो राजकीय सौदा होता आणि सौदा म्हणून त्याचे समर्थन करता येते. आक्षेप आहे तो त्या सौद्याला सुनावण्यांमध्ये क्षमेची प्रार्थनामय भाषा चढवण्याला. आयोगासमोर आलेल्या एका विधवेने सांगितले की कोणतेही सरकार क्षमा करू शकत नाही, कोणताही आयोग करू शकत नाही, मीच करू शकते, आणि माझी अजून तयारी नाही. मिश्नाच्या कर्त्यांनी तिला डोके हलवून संमती दिली असती. आणि पाचव्या हिश्श्याचे काय झाले? पीडितांना सहा वर्षे दरसाल भरपाई द्यावी असे आयोगाने सुचवले होते. २००३ मध्ये सरकारने एकरकमी ३० हजार रँड दिले. वर्णद्वेषाच्या काळात ज्यांची भरभराट झाली त्या उद्योगांवर कर बसवण्याची सूचना फेटाळण्यात आली. क्लॉडियसला पडलेली शंका तिथल्या खाणमालकांना पडल्याचे दिसत नाही.

चर्चच्या बाबतीत तर सौद्याची सबबही उरत नाही. कॅनडात मूलनिवासी मुलांना आईबापांपासून तोडून ज्या निवासी शाळांत ठेवले गेले, त्यांतील निम्म्याहून अधिक कॅथलिक संस्था चालवीत होत्या, आणि सुमारे दीड लाख मुले त्या शाळांतून गेली. २००६ च्या समझोत्यात कॅथलिक संस्थांनी इतर जबाबदाऱ्यांबरोबर अडीच कोटी डॉलर उभे करण्याचे प्रयत्न करू असे मान्य केले होते. जमले चाळीस लाखांहून कमी, आणि २०१५ मध्ये न्यायालयीन निर्णयाने त्या उरलेल्या जबाबदारीतून मोकळ्या झाल्या. २०२२ च्या जुलैत पोप फ्रान्सिस यांनी अल्बर्टातील मस्कवाचीस येथे जाऊन क्षमा मागितली आणि हे केवळ पहिले पाऊल आहे असेही सांगितले. ते वेदीवरून उठून गेले, एवढे त्यांच्या बाजूने निश्चित म्हणता येईल. कॅनडाच्या सत्य व समेट आयोगाचे अध्यक्ष राहिलेले मरे सिंक्लेअर यांनी मात्र या माफीत संस्थेची स्वतःची जबाबदारी पुरेशी मान्य झाली नाही याकडे बोट दाखवले. मूलनिवासी समाजांच्या मागण्याही मोघम नव्हत्या. शाळांच्या नोंदी त्यांना हव्या होत्या, म्हणजे कोणते मूल कुठे पुरले ते कळेल. व्हॅटिकनच्या संग्रहालयांतील त्यांच्या वस्तू परत हव्या होत्या. आणि कबूल केलेला पैसा हवा होता. घेतलेले परत करा, आणि वर भर घाला, अशी ही यादी आहे. लेवीय ग्रंथाच्या सहाव्या अध्यायात ती जवळजवळ याच क्रमाने आढळते.